पंप बदलण्याआधी टाकी खोला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुनी कॉमनरेल (म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून, रेलमधून, डिझेल देणारी) डिझेल फोर बाय फोर आहे, ताम्हिणीच्या चढावर मध्येच पिकप पडतो, अॅक्सिलरेटर दाबूनही गाडी ओढत नाही. बाजूला घेऊन दहा मिनिटं बंद ठेवली की पुन्हा व्यवस्थित चालते. स्कॅनरवर पी ००८७ हा कोड आला आणि गॅरेजवाल्याने हाय प्रेशर पंप बदलायला सांगितलाय. बदलू का?

नका बदलू. निदान टाकी खोलून बघितल्याशिवाय तरी नाहीच.

पी ००८७ चा अर्थ एवढाच की ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरने, जेवढं प्रेशर मागितलं तेवढं रेलमध्ये झालं नाही. का झालं नाही, ते त्या कोडला माहीत नसतं. पंप झिजला असेल, पंपापर्यंत डिझेलच पोचत नसेल, वाटेत कुठे हवा शिरत असेल, एखादं इंजेक्टर रिटर्नला (न वापरलेलं डिझेल टाकीकडे परत नेणाऱ्या पाइपला) जास्त डिझेल सोडत असेल किंवा सेन्सर चुकीचं सांगत असेल. या सगळ्यांत सर्वांत महाग वस्तू पंप, आणि नेमकी तीच पहिल्यांदा सुचवली जाते. माझा राग त्यावर आहे, आणि तो जुना आहे.

आमची जीप दादाच्या नावावर आहे, चालवतो मी. वेल्ह्याच्या पुढे आमची भाताची खाचरं आहेत. पावसाळ्यात लावणीच्या वेळी बायकामाणसं, खताच्या गोण्या, चिखलणीचं सामान असं सगळं घेऊन पुण्याहून जावं लागतं. आमचा रस्ता म्हणजे खडकवासला, डोणजे, खानापूर आणि मग पाबे घाट. खानापूरकडून चढताना त्या घाटात भरलेली गाडी बराच वेळ फुल लोडवर राहते. तिथेच ती बसायला लागली. आधी पिकप कमी, मग दुसऱ्या गिअरमध्येही दम नाही, मग चेक लाइट. मागे माणसं, रस्त्याला पाणी, समोरून येणारा टेम्पो. गाडी थांबवायची, बॉनेट उघडून उभं राहायचं. थोड्या वेळाने स्टार्ट केली की चढ संपेपर्यंत छान. वर पोचलं की राजगड-तोरणा दिसतात, पण त्या दिवसांत माझं लक्ष फक्त टॅकोमीटरच्या काट्याकडे असायचं.

पुण्यात परत आल्यावर गॅरेजमध्ये दाखवली. तिथल्या मुलाने सिंहगड रोडवर एक चक्कर मारली आणि म्हणाला, गाडी ओके आहे. ओके असणारच. साधारण शंभर हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन पूर्ण लोडवर तासाला अठरा-वीस लिटर डिझेल जाळतं, आयडलला लिटरभरसुद्धा नाही. सपाट रस्त्यावर, रिकाम्या गाडीत, दर दुसऱ्या सिग्नलला थांबत केलेल्या टेस्ट ड्राइव्हमध्ये डिझेलची ओढ कळतच नाही. घाटातला दोष घाटातच बघायला पाहिजे, तोही गाडी भरून. एवढी साधी गोष्ट किती मिस्त्री करतात? विचारून बघा.

पुढचा क्रम तुम्हाला ओळखीचा वाटेल. डिझेल फिल्टर बदलला. धूर परत इंजिनात फिरवणारा ईजीआर व्हॉल्व्ह साफ केला. रेलचा सेन्सर बदलला. प्रत्येक वेळी गाडी दोन-चार फेऱ्या बरी चालायची आणि प्रत्येक वेळी 'सापडलं' असं आम्हाला सांगितलं जायचं. शेवटी पंप. मी दादाला म्हटलं, थांब, आधी टाकीकडून बघू. दादा म्हणाला, "स्कॅनर काय खोटं बोलतो का? तू काय डिझेल इंजिनिअर लागून गेलास?" पैसे त्याचे, गाडी त्याच्या नावावर. पंप बसला. पाच आकडी बिल झालं. आणि पुढच्याच भरलेल्या फेरीत पाबे घाटात, त्याच वळणाच्या अलीकडे, गाडी बसली.

मग आमच्या सोसायटीतल्या एका काकांकडे गेलो. ते दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. खुर्चीत बसून विचारत राहिले. टाकीत डिझेल किती असतं तेव्हा? धूर काळा येतो की येतच नाही? लगेच चावी बंद-चालू केली तर पिकप येतो, की थांबावंच लागतं? आरपीएम चढून गाडी मागे राहते का? उतारावर कधी झालंय?

हे प्रश्न मी तुम्हालाही विचारतो, कारण अर्धं निदान यातच आहे. पिकप पडताना भरपूर काळा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय, हवा कमी पडतेय: टर्बोचा पाइप, इंटरकूलरची फाटलेली होज, टर्बोच्या अॅक्च्युएटरची व्हॅक्यूमची नळी तिथे बघा. बऱ्याचदा शिट्टीसारखा आवाजही येतो. धूर अजिबात नाही आणि दम गेलाय, तर डिझेल कमी पडतंय. आरपीएम वाढतोय पण गाडी पुढे सरकत नाही, तर तो क्लच आहे, इंजिनाला दोष देऊ नका. चावी बंद करून लगेच चालू केल्यावर पूर्ण ताकद परत येत असेल तर ईसीयूने गाडी लिंप मोडमध्ये टाकली होती, म्हणजे बचावासाठी मुद्दाम ताकद कमी केली होती. लगेच चालू करूनही मरगळलेलीच राहते आणि थोडा वेळ उभी केल्यावरच सुधारते, तर काहीतरी खरोखर अडकतंय किंवा तापतंय. पंप आतून झिजलेला असेल तर तो बहुतेक वेळा गरम इंजिन पुन्हा स्टार्ट करतानाही त्रास देतो, बराच वेळ स्टार्टर मारावा लागतो. आमची गाडी गरम असताना अर्ध्या चावीत सुरू व्हायची. तुमचीही दहा मिनिटांनी लगेच सुरू होते असं तुम्ही लिहिलंय.

काकांनी आमच्या उत्तरांवरून सांगितलं, "टाकीत काहीतरी फिरतंय." मग त्यांनी कारण समजावलं. आमच्या गाडीत टाकीत मोटर नाही. इंजिनावरच्या हाय प्रेशर पंपाच्या पोटात एक छोटा गिअर पंप असतो, तोच टाकीपासून डिझेल ओढून आणतो. चढावर ओढ वाढली की टाकीत तरंगणारी वस्तू पिकअप पाइपच्या, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या नळीच्या, तोंडाशी ओढली जाते. शहाळ्यात स्ट्रॉच्या टोकाला मलईचा तुकडा चिकटतो, अगदी तसं. इंजिन बंद केलं की ओढ संपते, तुकडा सुटून बाजूला जातो, पाइप मोकळा. गाडी पुन्हा चालते आणि गॅरेजमध्ये काहीच सापडत नाही. टाकी भरलेली असताना हे कमी होतं, अर्ध्याच्या खाली आली की वाढतं. आमचं तसंच होतं. गावाहून परतताना डिझेल कमी असायचं आणि वेल्ह्याकडून चढतानाही गाडी बसायची.

त्यांनी आधी टाकीचं झाकण सैल करून बघितलं. टाकीचा श्वास, म्हणजे हवा आत यायची वाट, बंद असेल तर झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा 'फुस्स' आवाज येतो आणि झाकण सैल ठेवून गाडी चालते. आवाज आला नाही. मग फिल्टरकडे येणारा टाकीचा पाइप फिल्टरच्या अलीकडे सोडवला, झाकण उघडं ठेवलं आणि सायकलच्या पंपाने उलटी हवा मारली. टाकीत बुडबुडलं. त्यानंतर गाडी भरून घाटात नेली तर एका दमात वर गेली. मला वाटलं काम झालं. काका म्हणाले, "बरी झालेली नाही. आत आहे ते आतच आहे, परत येईल." आलंही.

मग त्यांनी जी टेस्ट केली ती तुमच्या मिस्त्रीकडून करून घ्या. स्वच्छ कॅनमध्ये डिझेल घ्यायचं, कॅन घट्ट बांधायचा, टाकीचा पाइप सोडून कॅनचा पाइप फिल्टरला जोडायचा. रिटर्नचा पाइपही कॅनमध्येच सोडायचा. नाहीतर कॅन भराभर रिकामा होतो आणि टाकी भरत जाते. फिल्टरला जाणारा तुकडा पारदर्शक पाइपचा ठेवायचा, म्हणजे हवेचे बुडबुडे दिसतात. सक्शनच्या (डिझेल ओढून आणणाऱ्या) पाइपला फट असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत जाते. म्हणून 'कुठे गळत नाही' म्हणजे पाइप चांगला, हा समज डोक्यातून काढा. जंगलातल्या रस्त्यावर चेसिसला घासलेला पाइप, फिल्टरचा चपटा झालेला वॉशर, सैल होज क्लिप, यांतून हेच होतं. आता कॅनवर तोच घाट, तेवढंच वजन. गाडी बसली नाही तर फिल्टरपासून पुढचं सगळं निर्दोष: पंप, इंजेक्टर, सेन्सर सगळं. बसलीच तर पंपाबद्दल बोला.

आमची बसली नाही. टाकी खाली उतरवली. पिकअप पाइपच्या जाळीला तळहाताएवढा जाड प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा चिकटलेला निघाला, डिझेलमध्ये राहून पिवळा आणि मऊ पडलेला.

तो कुठून आला हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. शेतावर पॉवर टिलरसाठी कॅनमध्ये डिझेल नेतो. दादाच्या कॅनचं बूच सैल, म्हणून तो बुचाखाली पिशवीचा तुकडा लावून घट्ट करतो. तिथून कधीमधी जीपमध्येही ओततो, बिनजाळीच्या फनेलने, कारण डिझेलसाठी वेल्ह्याला परत जायचा कंटाळा. तुकडा त्याच्या हातावर ठेवला तेव्हा तो म्हणाला, "पेट्रोलपंपावरच्या डिझेलमधून आला असेल." पेट्रोलपंपाच्या मशीनमध्ये फिल्टर असतो. तळहाताएवढं प्लॅस्टिक त्या नोझलमधून येऊच शकत नाही. मग म्हणाला, "पण पंपही जायलाच आला होता, कोड आला होता ना!"

मी गॅरेजमधून जुना पंप परत आणला होता. तो भोसरीत पंप-नोझलचं काम करणाऱ्यांकडे नेऊन टेस्ट बेंचवर लावून घेतला. प्रेशर आणि डिलिव्हरी दोन्ही ठरलेल्या मर्यादेत. रिपोर्टचा कागद अजून माझ्याकडे आहे. दादाने तो वाचला आणि घडी घालून परत दिला. आजही पाहुण्यांसमोर विषय निघाला की 'नवीन पंप टाकल्यापासून गाडी मस्त झाली' हेच ऐकवतो. टाकी साफ झाल्यावर गाडी मस्त झाली, दादा. पंप टाकल्यावर ती त्याच घाटात बसली होती, आणि मागच्या सीटवर आई होती.

म्हणून तुम्हाला आग्रहाने सांगतो, पंप बदलायची वेळ आलीच तर जुना पंप मागून घ्या. तुमच्या पैशांची वस्तू आहे. देत नाहीत ते गॅरेज सोडा. कोणताही पार्ट बदलण्याआधी 'हाच खराब आहे हे कशावरून' असं विचारा, आणि उत्तर 'कोडवरून' असं आलं तर गाडी घेऊन बाहेर पडा. स्कॅनर वाईट नाही. घाटात चालू गाडीवर मागितलेलं आणि मिळालेलं रेल प्रेशर एकाच वेळी दाखवतो, ते फार उपयोगी आहे. पण तो घाटात न्यावा लागतो. आणि कॅनमधून डिझेल भरावंच लागलं तर बारीक जाळीचं फनेल वापरा, बुचाला रबराचा वॉशर टाका. नाना पेठेत किरकोळ पैशांत मिळतो. घरात कोणी ऐकत नसेल तर कॅन स्वतः लपवून ठेवा.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. कॉमनरेलच्या पुढच्या बाजूला हजार-सोळाशे बारपर्यंत प्रेशर असतं. चालू इंजिनावर तिथला नट सैल करू नका, गळती हाताने चाचपू नका, तो फवारा कातडी भेदून आत जातो. जुन्या यांत्रिक पंपाच्या जीपवर मिस्त्री नट सैल करून एअर काढायचे, ती सवय इथे चालत नाही. उलटी हवा मारायची तर फिल्टर सोडवूनच आणि हलक्या दाबाने. पाइपची तोंडं झाकून ठेवा, धुळीचा कण पंपात गेला तर तो खरंच जाईल. तुमच्या गाडीत टाकीत इलेक्ट्रिक मोटर असेल तर ही हवा मारायची युक्ती वापरू नका, तिथे मोटर आणि तिची जाळी बाहेर काढून बघावी लागते. बीएस सिक्स गाडी असेल तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) भरल्यामुळेही दम जातो, तो वेगळा विषय आहे. आणि इंजेक्टरचा रिटर्न मोजून घ्या. तुमचं वर्णन आमच्याशी जुळतं म्हणून मी टाकीवर जोर देतोय, पण गाडी मी बघितलेली नाही.

ताम्हिणीत बसते तेव्हा टाकीत डिझेल किती असतं आणि धूर काळा येतो का, हे दोन्ही तुम्ही लिहिलेलं नाही. ते लिहा, मग पुढचं सांगतो.