स्टूल कल्चर नॉर्मल आलं, म्हणजे कॅम्पिलोबॅक्टर नव्हताच का?

तुमचे प्रश्न दोन आहेत. कॅम्पिलोबॅक्टर माणसाला आजारी कसा पाडतो, आणि मावसभावाचं स्टूल कल्चर (शौचातले जंतू प्लेटवर वाढवून बघायची तपासणी) नॉर्मल असूनही डॉक्टर त्याच्या जीबीएसचा (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडतात तो आजार) संबंध या जंतूशी का लावताहेत. दुसऱ्यावर मला बोलायचंच आहे. माझी सगळी नोकरी मायक्रोबायॉलॉजीच्या लॅबमध्ये गेली आणि ‘नो पॅथोजेन आयसोलेटेड’ (रोगजंतू सापडला नाही) या तीन शब्दांवरून मी जेवढी भांडले तेवढी पगारावरूनही भांडले नाही.

आपल्याकडच्या बऱ्याच लॅबमध्ये साधं स्टूल कल्चर म्हणजे नेहमीच्या दोन प्लेटा, 37 अंश, एक रात्र. सकाळी साल्मोनेला, शिगेला हे जुलाबाचे नेहमीचे जंतू आहेत का बघायचं आणि प्लेट टाकून द्यायची. कॅम्पिलोबॅक्टर असा सापडत नाही. हवेतला एवढा ऑक्सिजन त्याला सोसत नाही, 5 टक्क्यांच्या आसपासच लागतो. मुक्काम कोंबडीच्या आतड्यात, म्हणून 42 अंशांवर खूश. शिवाय 48 तास तरी थांबावं लागतं. थोडक्यात, जो शोधलाच नाही तो ‘नाही’ म्हणून छापला जातो.

मी एका खासगी हॉस्पिटलात होते तेव्हाची गोष्ट. चिकनच्या दुकानवाल्याचा शाळकरी मुलगा आला. ताप, मुरडा, रक्ताचे जुलाब. पोटात उजवीकडे खाली हात लावला की ओरडायचा. सर्जनसाहेबांनी अपेंडिक्स ठरवून टाकलं. स्टूलची डबी माझ्या हातात आली तेव्हा अजून कोमट होती, म्हणून लगेच हँगिंग ड्रॉप लावला, म्हणजे लोंबत्या थेंबात जिवंत जंतूंची हालचाल सूक्ष्मदर्शकाखाली बघायची, कॉलऱ्यासाठी लावतो तसाच. बारीक वाकडे जीव नजर ठरू देईनात, सुळकन इकडून तिकडे. मग ग्रॅम स्टेनला (जंतू रंगवून बघायची पद्धत) सॅफ्रॅनिन या नेहमीच्या लाल रंगाऐवजी पातळ कार्बॉल फुक्सिन घेतलं, कारण सॅफ्रॅनिन याला नीट चढत नाही. दिसले! कुणी स्वल्पविराम, कुणी इंग्रजी एस, कुठे दोन जोडून उडत्या पक्ष्याच्या पंखांसारखे. ताबडतोब फोन केला. साहेब म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही प्लेटा बघा, पोट आम्ही बघतो.’

ऑपरेशन झालं. अपेंडिक्स धडधाकट, आतड्याजवळच्या गाठी तेवढ्या सुजलेल्या. इकडे मी प्लेट मेणबत्तीच्या बरणीत घालून 42 वर ठेवली होती. (बंद डब्यातला ऑक्सिजन हवा तितका कमी करणारी गॅस पॅकची पुडी मागून मागून थकले होते. बरणीत ऑक्सिजन हवा तितका उतरत नाही, पण कधीकधी निभावतं.) दुसऱ्या दिवशी प्लेट कोरी. तिसऱ्या दिवशी लूपच्या रेघेला धरून पसरलेल्या चपट्या, करड्या, ओलसर वसाहती. ओळख पटवायच्या चाचण्या ऑक्सिडेज पॉझिटिव्ह, हिप्प्युरेट पॉझिटिव्ह, म्हणजे कॅम्पिलोबॅक्टरची जेजुनाय ही जात. साहेबांनी रिपोर्ट फाइलला लावला आणि राउंडला ‘इन्सिडेंटल फाइंडिंग’, म्हणजे योगायोगाने सापडलेलं, म्हणाले. इन्सिडेंटल कसलं? अपेंडिक्सचं सोंग घेणं ही या जंतूची पुस्तकात छापलेली खोड आहे.

असो. आजार कसा होतो ते सांगते. पोटात काहीशे जंतू गेले तरी पुरे होतात. ब्रिटनमधल्या एका संशोधकाने दुधातून 500 जंतू पिऊन स्वतःला आजारी पाडून घेतलं, ते 1981 साली छापूनही आलं. टोकाच्या शेपट्यांच्या जोरावर तो गिरक्या घेत आतड्यावरच्या चिकट थरातून आत घुसतो, पेशींना चिकटतो, पेशींच्या आत शिरतो. त्याचं एक विष पेशीचा डीएनए तोडतं, पेशीचं विभाजन थांबतं. सूज येते, पाणी शोषलं जात नाही, आव-रक्त पडतं. हे सगळं बहुधा दोन ते पाच दिवसांनी, म्हणून लोक काल रात्रीच्या हॉटेलला शिव्या घालतात आणि तीन दिवसांपूर्वीचं अर्धकच्चं चिकन सहीसलामत सुटतं. बहुतेक जण आठवड्याभरात आपोआप बरे होतात.

जीबीएस हजारात एखाद्याला. जंतूच्या आवरणावरची काही साखर आपल्या नसांवरच्या गँग्लिओसाइड नावाच्या साखर-चरबीच्या रेणूंसारखीच असते. शरीर जंतूविरुद्ध अँटिबॉडी बनवतं, त्याच नसांवर उलटतात. लुळेपणा येतो जुलाबानंतर साधारण एक ते तीन आठवड्यांनी, आणि तोवर स्टूलमधून जंतू बऱ्याचदा निघून गेलेला असतो. त्यामुळे तुमच्या भावाचं कल्चर नॉर्मल येण्यात नवल काहीच नाही, आणि त्यावरून डॉक्टरांना खोटं पाडू नका. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव या भागात जीबीएसचे रुग्ण एकदम वाढले, तेव्हा एनआयव्हीच्या (पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था) तपासणीत काही जणांच्या स्टूलमध्ये जेजुनाय सापडला. काहींत नोरोव्हायरसही होता. शोधला म्हणून सापडला!

तेव्हा ताप आणि रक्ताचे जुलाब असतील तर पहिल्या अँटिबायोटिकच्या आधी नमुना द्या, दोन तासांत पोचवा, आणि काउंटरवर स्पष्ट विचारा, ‘कॅम्पिलोबॅक्टर लावता का?’ नाही म्हणाले तर पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) कुठे होतं ते विचारा. काउंटरवरची पोरगी वैतागेल, वैतागू दे. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने सिप्रो (सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक) आणू नका. या जंतूवर ते आता फारसं चालत नाही. लागलंच तर डॉक्टर बहुधा अझिथ्रो (अझिथ्रोमायसिन) देतात. आणि चिकन नळाखाली खळखळून धुणं बंद करा, त्याने जंतू जात नाहीत, सिंकभर आणि शेजारच्या कोशिंबिरीवर उडतात.

आता हेही सांगते, नाहीतर उद्या माझ्या नावाने कोणी साध्या जुलाबालाही एकदम अनेक जंतू तपासणारं हजारो रुपयांचं पॅनेल करून येईल. रक्त नाही, ताप नाही, तर ओआरएस घ्या आणि घरी बसा. लहान मूल, म्हातारं माणूस, गरोदर बाई असेल तर मात्र वाट बघू नका. आणि पायातली ताकद गेल्यासारखी वाटली, जिना चढवेना, तर लॅबमध्ये जाऊच नका, थेट व्हेंटिलेटर असलेलं हॉस्पिटल गाठा.