दारू पूर्ण न सोडता कमी करण्यासाठी डॉक्टर गोळी देतात का? ती घेऊन प्यायलं तर काय होतं?

देतात. आणि त्यातली एक गोळी घेऊन प्यायलं तर मरायला होत नाही. तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी एकत्र आल्यात: रोज रात्रीचं पिणं वाढत चाललंय, कायमचं सोडायचं असं मन अजून म्हणत नाही, आणि मित्राने ‘ती गोळी घेऊन प्यायलास तर मेलास’ असं सांगितल्यापासून डॉक्टरकडे जायचं धाडस होत नाही. मी डॉक्टर नाही. पण अशी एक गोळी मी डॉक्टरांच्या देखरेखीखाली बराच काळ घेतली आहे, आणि त्या निमित्ताने पुष्कळ वाचलंय, विचारलंय. त्या भांडवलावर लिहिते.

आधी मित्राचं. त्याने सांगितलं ते डायसल्फिरामबद्दल. दारूची गोळी म्हटलं की बहुतेकांना तेवढीच माहीत असते. 1948 मध्ये डेन्मार्कच्या येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन यांनी तिचा दारूवरचा परिणाम जगापुढे मांडला. आपण प्यायलेल्या दारूचं यकृतात आधी ॲसिटाल्डिहाइड होतं आणि मग ते पुढे निरुपद्रवी पदार्थात मोडतं. डायसल्फिराम ही दुसरी पायरी अडवते. मग ते विष रक्तात साठतं: चेहरा लालबुंद, छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब खाली, श्वास जड. हृदयाचा आजार असलेल्या माणसाच्या हे जिवावरही बेतू शकतं. म्हणजे मित्र अगदीच खोटं बोलला नाही. फक्त ही गोळी कमी करण्यासाठी नसतेच. ज्याने सोडली आहे आणि पुन्हा हात लावायचा नाही असं ठरवलं आहे, त्याच्यासाठी ती आहे. शेवटच्या घोटानंतर किमान 12 तास गेल्याशिवाय ती सुरू करत नाहीत, आणि बंद केल्यावरही तिचा असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. खोकल्याच्या काही औषधांमधलं आणि माउथवॉशमधलं अल्कोहोलही तिला चालत नाही.

जाता जाता घरच्यांसाठी एक गोष्ट, कारण असे प्रश्न पुष्कळदा त्यांच्याकडूनही येतात. ही गोळी पिणाऱ्याच्या नकळत जेवणात मिसळू नका. कितीही वैतागला असाल तरी नाही. त्याला माहीत नसल्यामुळे तो नेहमीसारखा पिणार, आणि मग जे होईल ते आवरणं तुमच्या हातात नसेल.

आता तुमच्या कामाची गोळी. तिचं नाव नाल्ट्रेक्सोन. अमेरिकेत ती 1984 मध्ये अफूजन्य व्यसनांसाठी मंजूर झाली, आणि 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांनंतर 1994 मध्ये दारूसाठी. दारू प्यायल्यावर मेंदूत एंडॉर्फिन सुटतात, आणि त्यांच्यामुळे जे बरं वाटतं तेच ‘अजून एक’ म्हणायला लावतं. एंडॉर्फिन जिथे जाऊन बसतात ती जागा नाल्ट्रेक्सोन आधीच अडवून ठेवते. दारू पोटात जाते, नशाही होते, पण बक्षीस मिळत नाही. डायसल्फिरामसारखी शिक्षाही नाही आणि नेहमीसारखी मजाही नाही.

हे शब्दांत वाचताना मला पटलं नव्हतं. प्रत्यक्षात वाटलं ते असं: पहिला ग्लास पूर्वीसारखाच. दुसरा अर्ध्यावर आला की एक विचित्र कंटाळा. कुणी अडवतंय असं नाही, इच्छा दाबून धरावी लागतेय असंही नाही. समोर ठेवलेल्या ग्लासाकडे लक्षच राहायचं नाही. आधी तिसरा ग्लास भरायचा की नाही याचा विचारसुद्धा मी करायचे नाही, तो आपोआप भरला जायचा. गोळीने ते ‘आपोआप’ काढून घेतलं. ठरवण्यापुरती फट मिळाली, एवढंच. त्या फटीत काय करायचं ते गोळी सांगत नाही. आणि पहिला ग्लास घ्यायचा की नाही यावर तर माझ्या बाबतीत तिचा काडीचा परिणाम झाला नाही. त्यासाठी समुपदेशन, संध्याकाळची वेळ दुसऱ्या कशात तरी घालणं, ठराविक माणसांसोबत ‘बसणं’ टाळणं, हे सगळं वेगळं करावंच लागलं.

शिवाय सगळ्यांना असं होत नाही. 2014 साली जामा या वैद्यकीय नियतकालिकात अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा आला होता. त्यातला हिशेब असा: साधारण 12 जणांना रोज 50 मिलिग्रॅम नाल्ट्रेक्सोन दिली, तर त्यांतला एक जण भरमसाट पिण्याकडे परत जायचा वाचतो. हा एक म्हणजे नकली गोळी घेऊन जेवढे सुधारतात त्यांच्या वरचा. आकडा लहान वाटेल, पण नेहमीच्या आजारांवरच्या कित्येक औषधांचं गणित याहून चांगलं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये नाल्ट्रेक्सोन आणि ॲकॅम्प्रोसेट (दारूच्या व्यसनावरचं आणखी एक औषध, त्याबद्दल पुढे) या दोन्हींना अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. तेव्हा एखादे डॉक्टर ‘हे मनाच्या निग्रहाचं काम आहे, औषध वगैरे काही नसतं’ म्हणाले, तर वाद घालू नका, दुसरे डॉक्टर गाठा.

घ्यायच्या दोन पद्धती आहेत. रोज ठरलेल्या वेळी एक गोळी, ही जास्त रुळलेली. दुसरी म्हणजे ज्या दिवशी पिणार त्या दिवशीच, पिण्याच्या तासभर आधी. दुसरीमागे फिनलंडमध्ये काम करणारे संशोधक जॉन डेव्हिड सिंक्लेअर यांचा विचार आहे: पिऊनही बक्षीस मिळालं नाही की मेंदू हळूहळू ती सवयच विसरतो. इंटरनेटवर या पद्धतीचे अक्षरशः भक्त भेटतील. विचार चुकीचा नाही, पण त्यांच्या दाव्यांमधून थोडी हवा काढून घेतलेली बरी. माझा अनुभव असा की ‘पिण्याआधी घेईन’ म्हटलं की ज्या दिवशी खरंच मनसोक्त प्यायची हुक्की येते, नेमकी त्याच दिवशी गोळी राहून जाते, आणि ते विसरणं नसतं हे आपल्यालाही ठाऊक असतं. म्हणून मी सकाळी चहाबरोबर घ्यायला लागले. सकाळचा माणूस रात्रीच्या माणसापेक्षा शहाणा असतो. गोळी लक्षातच राहत नसेल तर महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शनही आहे, मात्र ते सगळीकडे मिळत नाही.

युरोपात 2013 मध्ये नाल्मेफिन नावाची तिची बहीण मंजूर झाली, आणि ती थेट ‘पिणं कमी करण्यासाठी’ म्हणूनच: पिण्याचा धोका वाटेल त्या दिवशी, शक्यतो एक-दोन तास आधी एक गोळी. तुमच्यासारखा हेतू घेऊन येणाऱ्या माणसाला वैद्यकशास्त्र हाकलून देत नाही, हे त्यावरून कळावं.

नाल्ट्रेक्सोनचे त्रास बहुतेक सुरुवातीचे: मळमळ, डोकेदुखी, चक्कर, थकवा, झोपेची गडबड. पुष्कळ डॉक्टर आधी काही दिवस अर्धी गोळी देतात. जेवणानंतर घेतली की मळमळ कमी होते. सुरू करण्याआधी यकृताची रक्ततपासणी करतात. हिपॅटायटिस ऐन जोरात असेल किंवा यकृत निकामी होत आलं असेल तर ही गोळी देत नाहीत.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांनी विचारली नाही तरी तुम्ही स्वतःहून सांगा: ट्रॅमाडॉल, कोडीन, मॉर्फिन अशा अफूच्या गटातलं काही घेता का. पाठदुखीची गोळी किंवा खोकल्याचं सिरप या रूपात ती घरात असतात आणि आपल्याला पत्ता नसतो. ती अंगात असताना नाल्ट्रेक्सोन घेतली तर एकदम तीव्र विथड्रॉवल, म्हणजे सवयीचं औषध अचानक तुटल्यावर होणारा शरीराचा त्रास, सुरू होतो. म्हणून साधारण 7 ते 10 दिवस ती बंद असावी लागतात, काही औषधांसाठी त्याहून जास्त. उलट बाजूने, अपघात किंवा शस्त्रक्रिया झाली तर नेहमीची जोरदार वेदनाशामकं तुमच्यावर चालणार नाहीत. ‘मी नाल्ट्रेक्सोन घेतो’ अशी चिठ्ठी पाकिटात असू द्या.

आणि नशा तेवढीच होते. मजा कमी वाटली म्हणून आपण शुद्धीत आहोत असं वाटायला लागतं, ते खोटं. गाडी चालवू नका.

आता सगळ्यात गंभीर भाग. सकाळी उठल्यावर हात थरथरतात का? घाम फुटतो का? उतारा म्हणून थोडी घेतली की बरं वाटतं का? तसं असेल तर हे सगळं वाचून जोशात येऊन उद्यापासून एकदम बंद करू नका. शरीर दारूवर टेकलेलं असताना ती अचानक काढली तर सहा-आठ तासांत थरकाप सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण दोन ते चार दिवसांच्या टप्प्यात काहींना डिलिरियम ट्रेमेन्स होतो: भ्रम, नसलेल्या गोष्टी दिसणं, ताप, प्रचंड घबराट. उपचार मिळाले नाहीत तर त्यात माणूस दगावू शकतो. दारू सोडण्यात जीव जाऊ शकतो हे पुष्कळांना खरंच वाटत नाही. त्या काळासाठी डॉक्टर डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइडसारखी औषधं थोडे दिवस देऊन हळूहळू उतरवतात, सोबत थायमिन म्हणजे बी-1 जीवनसत्त्व देतात. आधी कधी फिट आली असेल तर हे घरी नाही, रुग्णालयातच. नाल्ट्रेक्सोन या त्रासावर काहीही करत नाही.

बाकीची औषधं थोडक्यात. ॲकॅम्प्रोसेट सोडल्यानंतरची अस्वस्थता कमी करते, यकृतावर भार टाकत नाही, पण मूत्रपिंड ठीक लागतं आणि दिवसातून तीनदा दोन-दोन गोळ्या घ्याव्या लागतात. टोपिरामेट ही मूळची फिटची गोळी. तिने पिणं कमी होतं असं दाखवणाऱ्या चांगल्या चाचण्या आहेत, पण बोटांना मुंग्या येतात आणि बोलताना शब्द सापडत नाहीत, म्हणून डोस सावकाश वाढवतात. यकृत खराब झालेल्यांसाठी काही डॉक्टर बॅक्लोफेन ही मूळची स्नायू सैल करणारी गोळी निवडतात. फ्रान्समध्ये 2018 पासून तिला दारूसाठी मंजुरी आहे. ती मनाने अचानक बंद करायची नसते. मधुमेह आणि वजनासाठी देतात त्या सेमाग्लुटाइडची चर्चा तुमच्याही कानावर आली असेल. 2025 मध्ये एका छोट्या चाचणीत तिने तलफ कमी झाल्याचं दिसलं, पण त्या भरवशावर आज ती मागायला जाऊ नका.

डॉक्टरकडे जाण्याआधी दोन आठवडे रोज किती पिता ते लिहा. ‘दोन पेग’ असं नको, मिलिलिटरमध्ये. घरी ओतलेला पेग कधीच 30 मिलिलिटरचा नसतो, एकदा मापाने ओतून बघा. 40 टक्क्यांच्या दारूच्या 30 मिलिलिटरमध्ये साडेनऊ ग्रॅमच्या आसपास शुद्ध अल्कोहोल असतं, 5 टक्क्यांच्या 330 मिलिलिटर बिअरमध्ये 13 ग्रॅम. म्हणजे ‘मी फक्त बिअर पितो’ हे वाक्य डॉक्टरांपुढे उपयोगाचं नाही. अमेरिकेत 14 ग्रॅमचं एक माप धरून पुरुषाने एका दिवसात अशी पाच आणि स्त्रीने चार घेतली तर तो दिवस भरमसाट पिण्याचा मोजतात. तुमच्या नोंदीत असे दिवस किती, हा आकडा डॉक्टरांना सगळ्यात उपयोगी पडेल.

आणि तिथे बसल्यावर स्पष्ट सांगा: ‘मला सध्या सोडायची नाही, कमी करायची आहे.’ लाजेपोटी ‘सोडायची आहे’ म्हणालात तर हातात डायसल्फिरामची चिठ्ठी पडू शकते, आणि तुम्ही पिणार असाल तर तीच तुमच्यासाठी सगळ्यात वाईट गोळी. अर्थात यकृताला सूज असेल, गरोदरपण असेल किंवा आधी फिट आली असेल, तर कमी करणं पुरणार नाही असं डॉक्टर सांगतील, आणि तेव्हा त्यांचं ऐका.

नाल्ट्रेक्सोन किती दिवस घ्यायची, हा प्रश्न उरतो. काम करत असेल तर साधारण सहा महिने ते वर्षभर, पुढे बघून. नाल्ट्रेक्सोनची सवय लागत नाही, त्यामुळे थांबवताना डोस टप्प्याटप्प्याने उतरवावा लागत नाही. नोंदवही चालू ठेवा. तीन महिन्यांनी भरमसाट पिण्याचे दिवस तेवढेच दिसले तर ती वही घेऊन पुन्हा जा: कधी गोळी बदलावी लागते, कधी ‘कमी करायची’ हे ठरवलेलंच बदलावं लागतं.