आरएसएसआय −७५ असूनही टाक्या 'कम्युनिकेशन फेल' का दाखवतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जलशुद्धीकरण केंद्रात पीएलसी (यंत्रं चालवणारा औद्योगिक कंट्रोलर) मास्टर, म्हणजे प्रश्न विचारणारा, पाच उंच टाक्यांवर ८६५-८६७ मेगाहर्ट्झचे रेडिओ मोडेम, संवादाला मॉडबस आरटीयू हा प्रोटोकॉल, आणि डोंगरामागची एक टाकी रिपीटरवरून, म्हणजे सिग्नल पुढे ढकलणाऱ्या मधल्या रेडिओवरून. सिग्नलची ताकद (आरएसएसआय) −७५ डीबीएम दिसते, तरी दर थोड्या वेळाने टाकी 'फेल' होते, आणि कधी कधी लेव्हलचा आकडा फ्लोच्या रकान्यात येतो. यावर तुम्ही पॉवर फुल्ल केली, एअर डेटा रेट (हवेतून डेटा पाठवण्याचा वेग) सगळ्यात वरचा ठेवला आणि रेडिओचे रिट्राय (पोच न मिळाल्यास पुन्हा पाठवण्याचे प्रयत्न) १० केले.

या तिन्हीपैकी सगळ्यात जास्त घोळ रिट्रायने घातलाय. पीएलसीचा टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट पाहण्याची वेळ, तुम्ही १ सेकंद लिहिलाय. आता हिशोब बघा. सवाल-जवाबाची एक फेरी थेट टाकीला समजा २५० मिलिसेकंद घेते. रिपीटरमधून तीच ५००, कारण प्रत्येक पॅकेट हवेत दोनदा जातं. पहिला प्रयत्न आणि वर १० रिट्राय म्हणजे वाईटात वाईट साडेपाच सेकंद. पीएलसी १ सेकंदात कंटाळून पुढचा प्रश्न विचारतो, पण रेडिओ अजून जुनाच प्रश्न पोचवत बसलेला असतो.

आकडे इकडचे तिकडे होण्याचं कारणही बहुधा हेच. मॉडबस आरटीयूच्या फ्रेममध्ये (एका संदेशात) स्लेव्हचा म्हणजे उत्तर देणाऱ्या टाकीचा पत्ता, फंक्शन कोड (काय करायचं त्याचा आकडा), डेटा आणि सीआरसी (चूक पकडणारी बेरीज) असतो; हे उत्तर कुठल्या प्रश्नाचं, याची काहीच खूण नसते. तुम्ही एकाच टाकीची लेव्हल आणि फ्लो वेगवेगळ्या प्रश्नांनी वाचता, दोन्ही फंक्शन ०३ (वाचन), दोन्हींत एकेकच रजिस्टर (आकडा ठेवायचा कप्पा). लेव्हलचं उशिरा आलेलं उत्तर पीएलसी फ्लोचं म्हणून बिनदिक्कत स्वीकारतो. सीआरसी बरोबर असल्यामुळे एरर काउंटरही हलत नाही. या आकड्यावर पंपाचं इंटरलॉक (पंप आपोआप चालू-बंद करणारी अट) असेल तर हे आधी सोडवा, बाकी सगळं नंतर.

म्हणून रेडिओचे रिट्राय २ किंवा ३ वर आणा. ३ धरले तर रिपीटरवाल्या टाकीची कमाल वेळ २ सेकंद. पीएलसीचा टाइमआउट अडीच सेकंद ठेवा आणि पीएलसीकडचा रिट्राय फक्त १. माझे २५० मिलिसेकंद तसेच उचलू नका, तुमच्या मोडेमवर मोजा. लेव्हल, फ्लो, व्हॉल्व्हची स्थिती सलग रजिस्टरांत आणून एकाच प्रश्नात वाचा. पोलिंग, म्हणजे टाक्यांना विचारणा, १५ सेकंदांनी केलं तरी चालतं. ताशी ५०,००० लिटर आवक असलेल्या टाकीत तेवढ्या वेळात जेमतेम २०८ लिटर पाणी येतं. दोन लाख लिटरच्या टाकीत ते लेव्हल मोजणाऱ्या ट्रान्समीटरलाही धड कळणार नाही. दर सेकंदाला लेव्हल पाहण्याचा हट्ट बहुतेक वेळा टेंडर लिहिणाऱ्याचा असतो.

असं ब्लॉकने, म्हणजे सलग रजिस्टरं एकदम, वाचायला लागलात की पॅकेट साइज बघा. मॉडबसची फ्रेम २५६ बाइटपर्यंत जाऊ शकते. मोडेमची मर्यादा त्याहून कमी असेल तर तो उत्तराचे तुकडे करतो, आणि मधल्या फटीमुळे पीएलसी फ्रेम संपली असं धरून उरलेलं फेकून देतो. साडेतीन कॅरेक्टरची शांतता म्हणजे फ्रेम संपली, असा मॉडबसचा नियम; ९६०० बॉडला (वायरवरचा वेग) ती साधारण ४ मिलिसेकंद, इतकीच उसंत असते. मोडेममध्ये मॉडबस मोड असेल तर तो सुरू करा.

आता एअर डेटा रेट. तो दुप्पट केला की रिसीव्हरची सेन्सिटिव्हिटी (क्षीण सिग्नल पकडण्याची क्षमता) साधारण ३ डीबीने घटते. तुमची फ्रेम काही बाइटांची. वरचा रेट घेऊन मिळवलं काय? दोन-तीन पायऱ्या खाली या आणि फेड मार्जिन (सिग्नल घटला तरी चालेल इतकी राखीव ताकद) किमान १५-२० डीबी ठेवा. पावसाचे थेंब या फ्रिक्वेन्सीला फारसे अडवत नाहीत. ओली झाडी आणि कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी मात्र नक्की अडवतं.

−७५ वर एवढा विश्वास कशाला? मास्टर थांबवा, कुठलाच मोडेम बोलत नसताना नॉइज फ्लोअर (मागचा रेडिओ गोंगाट) वाचा. २०० किलोहर्ट्झ रुंदीला तो −११५ च्या आसपास हवा. −९० दिसला तर हातात फक्त १५ डीबी आहेत. डोंगरावरच्या रिपीटरशेजारी मोबाइल टॉवर असतोच, आणि मोबाइलच्या ८५० बँडचं डाउनलिंक (टॉवरकडून फोनकडे जाणारा सिग्नल) ८६९ मेगाहर्ट्झपासून सुरू होतं, म्हणजे तुमच्या अगदी उंबरठ्यावर. तिथे फक्त आपलाच पट्टा आत सोडणारा बँडपास फिल्टरच लागतो, मेनूतली कुठलीही सेटिंग त्याची जागा घेत नाही.

पॉवरचं म्हणाल तर कायद्याचाही प्रश्न आहे. या पट्ट्यात परवान्याशिवाय ट्रान्समीटर १ वॅट, ईआरपी (अँटेनाच्या दिशेने प्रत्यक्ष बाहेर पडणारी पॉवर) ४ वॅट आणि रुंदी २०० किलोहर्ट्झ, एवढीच मुभा आहे. ९ डीबीडी वाढ देणारी यागी अँटेना, केबलमध्ये २ डीबी घट आणि पूर्ण १ वॅट (३० डीबीएम) म्हणजे ३७ डीबीएम, म्हणजे ५ वॅट. मर्यादा मोडली. अर्ध्या वॅटवर आणा. केबल आरजी-५८ असेल तर आधी ती बदला: १५ मीटरमध्ये ती ७-८ डीबी खाते, एलएमआर-४०० ही जाड केबल साधारण २. अर्थात केबल बदलल्यावर ईआरपी पुन्हा मोजावा लागेल.

बदल करताना आधी लांबचा मोडेम, मग रिपीटर, शेवटी मास्टर. उलट केलंत तर लिंक तुटून डोंगर चढावा लागेल. नेटवर्क आयडी आणि एईएस की (एन्क्रिप्शनची किल्ली) कारखान्यातून आलेलीच असेल तर याच फेरीत बदला, आणि प्रत्येक मोडेमची जुनी कॉन्फिग फाइल जपून ठेवा.

हे करून रिपीटरवरचा नॉइज फ्लोअर आणि पीएलसीचे टाइमआउट काउंटर इथे टाका. काउंटर पंप चालू असताना आणि बंद असताना, असे दोन्ही वेळचे हवेत. पंप चालू झाल्यावरच वाढत असतील तर रेडिओला हात लावू नका, व्हीएफडीशेजारून (पंपाचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हशेजारून) गेलेली आरएस-४८५ ची डेटा वायर आणि तिचं शील्ड तपासा.