प्रार्थना कोरडी पडते तेव्हा

प्रभूमध्ये प्रिय,

तुझे पत्र मिळाले. प्रार्थनेला बसल्यावर शब्द सुचत नाहीत, शास्त्रवाचन नेम म्हणून उरकले जाते आणि त्यामुळे आपला विश्वासच खोटा असावा अशी शंका येते, असे तू लिहिले आहेस. रोज एक वचन पाठ करण्याचा उपाय तू सुरू केला आहेस, त्याला माझा विरोध नाही. मात्र प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातील ज्या वचनाचा (4:13, ‘मला सामर्थ्य देणाऱ्याच्या योगे मी सर्व काही करू शकतो’) तुला आधार वाटतो, त्याच्या लगेच आधी पौल भूक आणि विपुलता या दोन्ही स्थितींत राहायला शिकल्याचे सांगतो, आणि तेही बंदिवासात असताना. संदर्भापासून तोडलेल्या वचनाची घोषणा व्हायला वेळ लागत नाही, आणि थकलेल्या मनाला घोषणांचा भारच होतो.

म्हणून जुन्या करारातील 1 राजे या पुस्तकाचे 18 व 19 हे अध्याय एका बैठकीत वाच. कर्मेल डोंगरावर एलीया संदेष्ट्याच्या प्रार्थनेला स्वर्गातून अग्नी उतरतो, आणि त्यानंतर ईजबेल राणीच्या जिवे मारण्याच्या एका निरोपाने तोच एलीया रानात पळून जाऊन झुडपाखाली मरण मागतो. नव्या करारातील आपल्या पत्रात याकोब त्याला आपल्यासारख्याच स्वभावाचा माणूस म्हणतो, ते यासाठीही खरे आहे. देव त्याला काय देतो ते नीट पाहा: झोप, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी, मग पुन्हा झोप आणि पुन्हा अन्न. उपदेश नाही, दोषारोप नाही. ऊठ, खा, नाहीतर वाट तुला झेपणार नाही, एवढेच देवदूत म्हणतो. आपल्याकडे कोरडेपणाचे कारण म्हणून आधी पाप शोधण्याची घाई केली जाते, ती मला पटत नाही. पाप असेल तर ते जरूर कबूल कर, पण रात्री किती झोपतोस हेही स्वतःला विचार. आणि ही उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर डॉक्टरांकडे जाण्यात अविश्वास नाही.

पुढे होरेब डोंगरावर देव एलीयाला दोनदा विचारतो, ‘तू येथे काय करीत आहेस?’ वारा, भूकंप आणि अग्नी होऊन गेल्यावर, मंद वाणी ऐकल्यानंतरही, एलीया जवळपास शब्दशः तेच गाऱ्हाणे पुन्हा मांडतो. एवढ्या दर्शनानेही त्याचा सूर बदलत नाही, आणि देव त्याबद्दल त्याला टाकून देत नाही. तेव्हा तुझी प्रार्थना रोज तीच असली तरी ती तशीच मांड. शब्दच नसतील तर 88वे स्तोत्र हळू आवाजात वाच. ते अंधारातच संपते, शेवटी स्तुतीची ओळ नाही, तरीही ते देवालाच उद्देशून आहे आणि पवित्र शास्त्रात आहे.

यानंतर देव एलीयाला परत पाठवतो. हजाएल व येहू यांना राजे म्हणून आणि अलीशाला आपल्या जागी संदेष्टा म्हणून अभिषेक करण्याची कामे त्याच्यावर सोपवतो. भावना पूर्ववत झाल्यावर सेवा करीन असे तू ठरवले असशील, तर तो बेत सोड. रविवारच्या शाळेतला मुलांचा वर्ग चालूच ठेव. मी एकटाच उरलो आहे, ही एलीयाची समजूत देवाने सात हजारांचा आकडा सांगून दुरुस्त केली होती. तुझ्या मंडळीतल्या एखाद्या वयस्क, अबोल विश्वासणाऱ्याला भेटून, त्यांची प्रार्थना कधी अशी कोरडी पडली होती का आणि तेव्हा त्यांनी काय केले, हे विचार आणि मला कळव.

ख्रिस्तात तुझा,
एक वडील बंधू