सुशीचा भात फ्रीजमधला लागतो, दोष कुणाचा?

प्रश्न : ताई नमस्कार, प्रश्नच आहे पण जरा तक्रारीच्या सुरात आलाय, सांभाळून घ्या. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मुलीने आम्हाला पुण्यातल्या एका जपानी हॉटेलात नेलं, ती जपानी भाषा शिकतेय त्यामुळे घरात सहा महिने जपान जपान चालूच होतं. सुशी आली ती एवढीशी, आणि भात असा गार नि चिवट की मला परवाचा उरलेला भातच आठवला, वरचा मासा पण गार. ह्यांनी ती हिरवी चटणी समजून वाटाण्याएवढा गोळा तोंडात टाकला आणि पाच मिनिटं नुसते डोळे पुसत बसले. सूप म्हणजे मीठपाणी, तेम्पुरा म्हणजे आपली भजीच आणि तीही मऊ पडलेली. वेटरला काय वाटलं कोण जाणे, त्याने न मागता शेजवान चटणीची वाटी आणून ठेवली! दोन महिन्यांनी परत गेलो, म्हटलं त्या दिवशी काही बिनसलं असेल, पण तेच. मुलगी म्हणते तुम्हाला टेस्ट कळत नाही. आमची जीभ गावंढळ की हॉटेलच तसलं?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : जीभ एकदम शाबूत आहे हो तुमची, निदान भाताच्या बाबतीत तरी. मुलीला सांगा की सुशीत मुख्य काय तर भात, मासा नंतर. नुसता कच्चा मासा कापून दिला तर ती साशिमी, व्हिनेगरचा भात आला की सुशी. आखूड दाण्याचा चिकट तांदूळ शिजवायचा, गरम असतानाच त्यात तांदळाचं व्हिनेगर, साखर, मीठ घालून लाकडी पसरट भांड्यात उलथन्याने कापल्यासारखा मोकळा करायचा, वारा घालायचा आणि अंगाइतका कोमट असतानाच वाढायचा. तोंडात गेल्यावर दाणा न दाणा सुटा झाला पाहिजे. हाच भात फ्रीजमध्ये गेला की त्यातला स्टार्च आवळतो आणि दाणा टणक होतो, आपण शिळ्या भाताला फोडणी देतो ती काय उगाच का, गरम केला की परत मऊ होतो म्हणून. पण सुशीला काही फोडणी देता येत नाही. तुमच्या हॉटेलने सुशीचे रोल आधीच करून फ्रीजमध्ये ठेवले असणार, दोन्ही वेळा तेच म्हणजे ती त्यांची पद्धतच दिसतेय. पुढच्या वेळी ऑर्डरच्या आधी सरळ विचारा, रोल आत्ता करणार की केलेले आहेत? वेटर आत जाऊन विचारून आला तर एक वेळ ठीक, नुसता हसला तर नूडल्स मागवा.

मासा गार होता हे मात्र बरोबरच आहे. आणि तो फ्रोझन असेल तर त्यातही फसवणूक नाही, कच्च्या माशातले जंत मरावेत म्हणून तो गोठवतातच, युरोपात तर कच्च्या खायच्या बहुतेक माशांना उणे 20 अंशावर किमान 24 तास ठेवायचा नियमच आहे. गंमत म्हणजे ज्या सॅमनवर आपण सगळे तुटून पडतो तो जपानी लोक पूर्वी कच्चा खातच नसत, जंतांच्या भीतीने. 1980 च्या दशकात नॉर्वेवाल्यांनी आपला पाळीव सॅमन तिकडे खपवायला सुरुवात केली तेव्हापासून तो सुशीवर आला. (आणि सॅमन म्हणजे रावस नव्हे, कोळीणबाईंनी कितीही शपथेवर सांगितलं तरी.)

तुमच्या ह्यांच्या डोळ्यातल्या पाण्याबद्दल सहानुभूती, पण त्यात हॉटेलचा दोष नाही. ती हिरवी चटणी म्हणजे वसाबी, मोहरीच्याच कुळातली, लोणच्याची फेसलेली मोहरी नाकात जाते ना, अगदी तीच झणझण. खरी वसाबी वाहत्या पाण्यात हळूहळू वाढते, महाग असते, आणि किसल्यावर पंधरा-वीस मिनिटांत तिचा वास उडतो. म्हणून बहुतेक ठिकाणी, अगदी जपानातसुद्धा, हॉर्सरॅडिश नावाचं झणझणीत मूळ आणि मोहरी वाटून हिरवा रंग घातलेली पेस्ट मिळते. मुगाएवढी घ्यायची. सोया सॉसमध्ये माशाची बाजू बुडवा, भाताची बुडवलीत तर भात सगळं मीठ पिऊन बसतो. ते गुलाबी आलं दोन घासांच्या मधे खायचं असतं, आपण लोणचं समजून सुशीबरोबरच तोंडात टाकतो आणि मग मासा कुठला ते कळतच नाही.

सूपला मी अर्धे मार्क देईन. त्याची चव मसाल्याची नसतेच, दाशी नावाच्या पाण्याची असते, कोंबू नावाचं समुद्री शेवाळ आणि वाळवून धुरी दिलेल्या माशाचे किस यांचं ते पाणी. ह्या कोंबूतूनच 1908 मध्ये किकुनाए इकेदा ह्या प्राध्यापकांनी ग्लुटामेट वेगळं काढलं, त्या चवीला उमामी म्हटलं, आणि पुढच्याच वर्षी ते अजिनोमोटो ह्या नावाने विकायला आलं. हो, तोच, कोपऱ्यावरच्या चायनीजच्या गाडीवरचा! तेव्हा चव तुमच्या ओळखीची आहे, फक्त सौम्य. पण मिसो, म्हणजे सोयाबीनची आंबवलेली पेस्ट, घातल्यावर सूप उकळायचं नसतं, सकाळपासून शेगडीवर खदखदत ठेवलं की वास जातो आणि खारट पाणी राहतं. तुमचं तसंच झालं असेल.

तेम्पुरा भजीसारखा वाटला कारण तो भजीचा चुलतभाऊच. पिठात बुडवून तळायची ही तऱ्हा सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर नागासाकीकडे आली असं मानतात, आणि पोर्तुगीजांची तिकडची ये-जा गोव्यावरूनच. ज्यांचं शव जुन्या गोव्यात आहे ते सेंट फ्रान्सिस झेवियरसुद्धा 1549 मध्ये गोव्याहून निघूनच जपानला पोचले. फरक इतकाच की आपण बेसन फेसतो, ते मैदा बर्फाच्या पाण्यात जेमतेम ढवळतात, गुठळ्या राहिल्या तरी चालतात. कढईतून थेट ताटात यायला हवा. मऊ पडलेला आला तर परत पाठवा, टपरीवर गार भजी परत करताना लाजतो का आपण?

प्रश्न : आम्ही पक्के शाकाहारी. मेनूत व्हेज मिसो सूप लिहिलं होतं, प्यायलो, नंतर पुतण्या म्हणाला काकू त्यात मासा असतो. खरंय का?
— नाशिक

उत्तर : नेहमी नाही, पण बऱ्याचदा खरंय, आणि ह्यात मी हॉटेलला एकही मार्क देणार नाही. वरून टोफू आणि कांद्याची पात दिसते म्हणून लोक व्हेज म्हणतात, पण खालचं पाणी माशाच्या दाशीचं असतं. "व्हेज आहे का" असं विचारूच नका, "दाशी कशाची" असं विचारा. कोंबू आणि सुक्या शिताके मश्रूमची दाशी होते, जपानात बौद्ध मठांतलं अख्खं जेवण त्यावर चालतं, त्याला शोजिन र्‍योरी म्हणतात. आगेदाशी टोफूपासून सावध, टोफू व्हेज पण खालचा रस्सा नाही. आणि जपानी मेयोनीजमध्ये अंडं असतं.

प्रश्न : रामेन घरी मागवलं, पाऊण तासाने आलं, नूडल्स फुगून लगदा. पैसे परत मागू का?
— ठाणे

उत्तर : मागून बघा, पण रामेन हा समोर बसून पाच-सात मिनिटांत संपवायचा प्रकार. पिठात पापडखाराच्या जातीचा क्षार घालतात म्हणून नूडल्सना तो पिवळेपणा आणि चिवटपणा येतो, पण गरम रश्श्यात अर्धा तास पडल्यावर तोही काय करणार. पुढच्या वेळी नूडल्स वेगळ्या आणि रस्सा वेगळा द्यायला सांगा, मिसळीचं पार्सल देतात तसं.