रिव्हेट, वजन आणि पेट्रोल: घरी विमान बांधणाऱ्यांचे प्रश्न

प्रश्न (न्यू जर्सीहून): ॲल्युमिनियमच्या किटमधून दोन आसनी विमान बांधतो आहे. शेपटीचे रिव्हेट (पत्रे जोडणाऱ्या खिळ्या, ज्यांच्या दांड्याचं टोक ठोकून मागचं डोकं बनवतात) मारताना काही वाकडे बसतात, काही फार चपटे होतात, काहींचं मागचं डोकं पुरेसं भरत नाही. एक वाकडा काढायला गेलो तर भोकच मोठं झालं. काय चुकतंय?

उत्तर: हे तिन्ही दोष एकत्र दिसतात तेव्हा बहुतेक वेळा लांबीचं गणित चुकलेलं असतं. पत्रे एकमेकांवर घट्ट दाबले की पलीकडे रिव्हेटचा दांडा व्यासाच्या दीडपट बाहेर आला पाहिजे. 1/8 इंची (3.2 मिमी) रिव्हेटला 4.8 मिमी, 3/32 इंची (2.4 मिमी) रिव्हेटला 3.6 मिमी. लांब दांडा ठोकताना आडवा होतो आणि आखूड दांड्यात डोकं भरायला धातूच उरत नाही. एएन470एडी4-5 या क्रमांकातलं एडी म्हणजे 2117 हा ॲल्युमिनियम मिश्रधातू, 4 म्हणजे 4/32 इंच व्यास आणि 5 म्हणजे 5/16 इंच लांबी. नकाशात दिलेली लांबी बरोबर असते, पण मध्ये जास्तीची पट्टी किंवा शिम (फट भरणारा पातळ तुकडा) आली की पुढचं माप लागू शकतं. म्हणून प्रत्येक नव्या जोडावर एकदा मोजून पाहा.

ठोकून झाल्यावर मागचं डोकं रुंदीला व्यासाच्या दीडपट आणि उंचीला निम्मं हवं: 1/8 साठी 4.8 बाय 1.6 मिमी, 3/32 साठी 3.6 बाय 1.2 मिमी. नजरेवर विसंबू नका, गेज लावा. सुरुवातीचे शंभरेक रिव्हेट तरी एकेक करून तपासावेत, असं आम्ही आग्रहाने सांगू.

दुसरं कारण रिव्हेट ठोकणाऱ्या गनच्या हवेचा दाब. तो फार कमी ठेवून नवशिका टकटक करत बसतो. एडी रिव्हेटचा 2117 मिश्रधातू प्रत्येक ठोक्याने कडक होत जातो, मग डोकं पसरायचं थांबतं आणि कडेला चिरा पडतात. दाब इतका हवा की दोन-तीन सेकंदांत काम संपेल. तो त्याच जाडीच्या टाकाऊ पत्र्यावर आधी ठरवून घ्या. बकिंग बार (दांड्याच्या टोकाला मागून टेकवायचा पोलादी ठोकळा) जराही तिरका धरला तर डोकं एका बाजूला सरकतं, त्यामुळे तो पत्र्याला समांतर आहे की नाही ते गन दाबण्याआधी पाहा. दोन पत्र्यांमध्ये ड्रिलचा चुरा अडकला असेल तर रिव्हेट त्या फटीत फुगतो आणि पत्रे कायमचे वेगळे राहतात. त्यासाठी पत्रे सुटे करायचे, दोन्ही बाजूंनी बर (भोकाच्या कडेला उरलेली धारदार कड) काढायची आणि मगच क्लेको (तात्पुरत्या पकडी) लावून पुन्हा जोडायचे. बर काढताना हत्यार हाताने दोन-तीन वेळा फिरवलं की पुरे. ड्रिलला लावून जोरात फिरवलं तर पातळ पत्र्यात खोलगट वाटी तयार होते आणि जोड कमकुवत होतो. उलट, बर तशीच राहिली तर डिंपल (चपटं डोकं बसण्यासाठी भोकाभोवतीचा दाबलेला खळगा) पाडताना भोकाच्या कडेला चीर सुरू होते. लेझरने कापलेल्या भोकांत हा धोका अधिक असतो.

आता काढण्याबद्दल. एडी रिव्हेटच्या कारखान्यातल्या डोक्यावर मधोमध छोटा खळगा असतो, ड्रिलचं टोक तिथेच टेकवा. ड्रिल भोकाच्या मापाचं किंवा एक नंबर बारीक घ्या (3/32 ला 40 नंबरचं, 1/8 ला 30 नंबरचं भोक असतं). फक्त डोक्याच्या जाडीइतकंच छिद्र पाडा, पंच घालून डोकं उचकटा आणि मागून लाकडाचा आधार देऊन दांडा हलक्या हाताने बाहेर ठोका. दांड्यातून आरपार ड्रिल केलं की ते सहज बाजूच्या पत्र्याकडे सरकतं. तुमचं भोक तसंच मोठं झालं असणार. डिंपल पाडलेलं 3/32 चं भोक बिघडलं असेल तर एनएएस1097एडी4 वापरा. त्याचा दांडा 1/8 चा, पण डोकं 3/32 च्या चपट्या रिव्हेटएवढंच असतं, त्यामुळे तो त्याच डिंपलमध्ये बसतो. मात्र भोकाच्या केंद्रापासून पत्र्याच्या कडेपर्यंत नव्या व्यासाच्या किमान दुप्पट अंतर उरलं पाहिजे, म्हणजे इथे 6.4 मिमी. तेवढं नसेल तर पत्रा बदलावा. आणि किंचित तिरका, पण मापात असलेला रिव्हेट काढू नका. तो काढताना भोकाचं होणारं नुकसान त्याच्या तिरकेपणापेक्षा जास्त असतं.

प्रश्न (कोल्हापूर): भारतात घरी विमान बांधून ते उडवता येतं का?

उत्तर: येतं, पण वाट लांबची आहे. अमोल यादव यांनी कांदिवलीत चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, 2016 च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते मांडलं, 2017 मध्ये डीजीसीएकडे (नागरी विमान वाहतुकीच्या नियामक संस्थेकडे) त्याची नोंदणी झाली आणि उड्डाणाचा परवाना 2019 मध्ये मिळाला. पहिला पत्रा कापण्याआधी डीजीसीएशी पत्रव्यवहार सुरू करा आणि प्रत्येक टप्प्याचे तारखेसह फोटो ठेवा. अमेरिकेत अर्ध्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतः केलं हे दाखवावं लागतं, तिथेही असेच फोटो उपयोगी पडतात.

प्रश्न (पुणे): विमान तयार झालं. वजन करून गुरुत्वमध्य (सगळं वजन जिथे तोललं जातं तो बिंदू) काढला, तो मर्यादेत आहे. आणखी काही पाहायचं राहतं का?

उत्तर: राहतं, आणि ते फार महत्त्वाचं आहे. उदाहरण घेऊ. आधाररेषा (जिथून सगळी अंतरं मोजायची) पंखाच्या पुढच्या कडेच्या 1500 मिमी पुढे, पंखाची पुढून मागे रुंदी 1200 मिमी, नाकाचं चाक 650 मिमीवर, मुख्य चाकं 2050 मिमीवर. काट्यांवर नाकाच्या चाकाला 70 किलो, डावीकडे 136, उजवीकडे 134, एकूण 340. आघूर्ण (वजन गुणिले अंतर): 70 × 650 अधिक 270 × 2050, म्हणजे 5,99,000. भागिले 340, म्हणजे गुरुत्वमध्य 1762 मिमीवर.

आता 2000 मिमीवर दोन माणसं 160 किलो, 2600 वर सामान 20 किलो आणि पंखाच्या पुढच्या भागातल्या टाकीत 1700 वर इंधन 60 किलो. एकूण 580 किलो, गुरुत्वमध्य 1850 मिमी, म्हणजे पंखाच्या रुंदीच्या 29.2 टक्क्यांवर. मागची मर्यादा 30 टक्के (1860 मिमी) असेल तर उड्डाण नियमात बसतं. पण उतरताना इंधन 5 किलो उरलं की वजन 525 होतं आणि गुरुत्वमध्य 1866 वर, 30.5 टक्क्यांवर जातो. निघताना ठीक असलेलं विमान परतताना मर्यादेबाहेर गेलं, आणि तेही नेमकं वेग कमी असताना. म्हणून सगळ्यात हलका वैमानिक, सगळ्यात जड सामान, भरलेली टाकी, रिकामी टाकी अशा सगळ्या टोकांचे हिशेब वहीत लिहून ठेवा.

वजन करताना विमान पातळीत हवं, हँगरची दारं बंद हवीत म्हणजे वारा पंख उचलणार नाही, आणि चाकांची अंतरं आसापासून ओळंबा सोडून प्रत्यक्ष मोजायची. किटच्या पुस्तकातली अंतरं उतरवून घेऊ नका. रंग दिल्यावर पुन्हा वजन करा. सुकाणू, एलेव्हेटर आणि एलेरॉन (शेपटीवरचे आणि पंखांवरचे हलते भाग) यांचं संतुलनही रंगानंतर पुन्हा तपासा, कारण बिजागरीच्या मागे वाढलेलं थोडं वजनही वेगात फडफड सुरू करू शकतं आणि ती काही क्षणांत शेपूट तोडते.

प्रश्न (दुबई): फोम आणि फायबरग्लासच्या विमानाला गडद निळा रंग दिला तर चालेल?

उत्तर: नको. साध्या तापमानाला पक्कं होणारं इपॉक्सी रेझिन तापलं की मऊ पडतं, आणि तुमच्याकडच्या उन्हात गडद पृष्ठभाग त्या तापमानापर्यंत सहज पोचतो. विमानरचनाकार बर्ट रुटान यांच्या लाँग-ईझी पद्धतीची विमानं याच कारणाने पांढरी असतात. दुरुस्तीला पॉलिएस्टर रेझिन वापरू नका, त्यातलं स्टायरीन पॉलिस्टायरीन फोम विरघळवतं. पेट्रोलही तेच करतं.

प्रश्न (इंदूर): रोटॅक्स 912 यूएलएसला पंपावरचं पेट्रोल चालतं का?

उत्तर: 100 अश्वशक्तीच्या या इंजिनाला किमान 95 ऑक्टेन (आरओएन) लागतं आणि इथेनॉल 10 टक्क्यांपर्यंतच चालतं. भारतात पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते घालू नका. ॲव्हगॅस 100एलएल (विमानांचं खास पेट्रोल) चालतं, पण त्यातलं शिसं गिअरबॉक्स आणि तेलटाकीत गाळ बनून साचतं, त्यामुळे तेल लवकर बदलावं लागतं. इथेनॉल किती आहे हे पाहायचं असेल तर खुणा असलेल्या काचेच्या नळीत 10 मिली पाणी आणि 90 मिली पेट्रोल घालून जोरात हलवा, मग स्थिर होऊ द्या. इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा थर 10 च्या खुणेवरच राहिला तर इथेनॉल नाही, 19 च्या आसपास गेला तर सुमारे 10 टक्के आहे, त्याच्या बराच पुढे गेला तर ते पेट्रोल टाकीत जाऊ देऊ नका.