चौकात आधी नंबर कोणाचा?

प्रश्न : नमस्कार. मी नागपुरात मानेवाड्याला राहते, वय ४१, पोराची शाळा-ट्यूशन करता करता शेवटी स्वतःच कार शिकायला घेतली. लर्निंग निघालं, क्लास पण झाला, सकाळी सहाला रिंग रोडवर छान चालवते. पण गर्दीच्या चौकात गेली की डोकंच बंद पडते. परवा भर दुपारी सिग्नल नुसता पिवळा मारून राहिला होता, चारही बाजूने गाड्या घुसून राहिल्या, मी मधोमध थांबली, क्लच सुटला, गाडी बंद! मागून ऑटोवाला हॉर्नवर हॉर्न, बाजूला मिस्टर "काढ ना, काढ ना". अशा वेळी आधी कोणी जायचं असते? काही नियम आहे का, की ज्याचा दम त्याचा रस्ता?

उत्तर : नियम आहे ना ताई, फक्त लर्निंगची परीक्षा झाली की लोकं तो विसरून जातात.

पिवळा ब्लिंक होऊन राहिला म्हणजे हिरवा कोणालाच नाही, सगळ्यांनी हळू व्हायचं, पाहायचं, मग निघायचं. आपल्या इकडे उन्हाळ्यात लोकं उन्हात उभे राहू नयेत म्हणून दुपारी काही चौकातले सिग्नल बंदच ठेवतात, तिथेही हेच. गल्लीतून किंवा छोट्या रस्त्याने मेन रोडला लागत असाल तर मेन रोडवाल्याला आधी जाऊ द्यायचं. दोन्ही रस्ते सारखेच असले तर उजवीकडून येणाऱ्याचा नंबर आधी. उजवी कोणती हे घाबरल्यावर सुचत नसेल तर एवढंच ध्यानात ठेवा की तुमच्या स्वतःच्या खिडकीच्या बाजूने जो येतो तो आधी. मधोमध गोल असलेल्या चौकात पण हेच कामी येते, कारण गोलात जे आधीच फिरून राहिले त्यांचा हक्क पहिला आणि ते तुमच्या खिडकीकडूनच येतात. पोलीस उभा असला तर त्याचा हात सिग्नलच्या वर, लाल असो की हिरवा.

आता तुमची खरी गडबड. तुम्ही चौकात जाऊन विचार केला, तो चौकाच्या आधी करायचा असते. झेब्राच्या अलीकडेच गाडी स्लो करा, गरज पडली तर पूर्ण थांबवा, पहिला गिअर टाका, उजवीकडे पाहा, डावीकडे पाहा, पुन्हा उजवीकडे, आणि एकदा निघाल्या की मध्ये अडू नका. आणि समोर निघायला जागाच नसेल तर हिरवा असला तरी आत शिरू नका. संध्याकाळी बर्डीला व्हरायटी चौकात पाहा, समोर जाम दिसतो तरी लोकं आत घुसतात आणि मग आडव्या बाजूवाले त्यांचा हिरवा लागूनही तिथंच.

वर्धा रोडला छत्रपती चौकाकडे जाल तेव्हा जरा जास्त जपा. वर मेट्रो, तिच्या खाली उड्डाणपूल आणि त्याच्याही खाली आपण, त्यात उजवीकडे वळताना मधल्या जाड पिलरमागे अख्खी स्कुटी लपते बाप्पा! तिथं गाडीचं नाक थोडं थोडं पुढे काढत वळा.

आणखी एक, सरळ जायचं म्हणून चारही इंडिकेटर लावायची खोड लागू देऊ नका. डावीकडच्या रस्त्यावर उभ्या माणसाला तुमचा डाव्या बाजूचाच इंडिकेटर दिसतो, त्याला वाटते तुम्ही वळून राहिल्या, तो बिनधास्त पुढे येतो आणि तुम्ही सरळ. सरळ जायला कोणताच इंडिकेटर लागत नाही.

गाडी बंद पडली तर घाबरू नका, ब्रेक दाबा, क्लच पूर्ण आत, न्यूट्रल, स्टार्ट, पहिला, निघा. हॉर्नने कोणाचं काही होत नाही. क्लासमध्ये गाडी बंद पडत नव्हती कारण तिथं सरांच्या पायाशी पण पेडल असते, अर्धा क्लच तेच सांभाळतात, तुम्हाला कळत पण नाही. म्हणून आता घरच्या गाडीवर आठ-दहा दिवस नुसतं थांबा-निघा, थांबा-निघा करा, ते पण उड्डाणपुलाच्या चढावर नाही, सपाट गल्लीत.

आणि मिस्टरांना सांगा, लर्निंग असलेल्याच्या बाजूला लायसन्सवाला माणूस बसवायचा तो वेळ पडली तर गाडी थांबवता यावी म्हणून. हात हँडब्रेकजवळ अन् तोंड बंद.

प्रश्न : प्रतापनगरला राहतो, कॉलेजात आहे. स्कुटीचं लर्निंग निघालं. मागे दोस्ताला बसवून कॉलेजला गेलं तर चालते का? आणि एल लावायलाच लागते काय? पोट्टे हसतात.

उत्तर : दोस्ताजवळ स्वतःचं लायसन्स असेल आणि तो तुला शिकवायला बसला असेल तरच चालते, नाहीतर एकट्यानेच जायचं. एल लावावाच लागतो, पांढऱ्यावर लाल, समोर पण आणि मागे पण. नंबर प्लेटच्या कोपऱ्यात बोटाएवढं स्टिकर चिकटवून भागत नाही, पाटी १८ सेंटिमीटर बाय १८ सेंटिमीटरची लागते. लर्निंग निघाल्यापासून ३० दिवसांनी पर्मनंटची टेस्ट देता येते आणि लर्निंग चालते सहा महिने, म्हणजे पोट्ट्यांचं हसणं तू मनावर घेतलं तर महिन्याभरात बंद करू शकतो.